सासूबाईंचा भात आणि विजेचा कुकर

प्रश्न : आम्ही कळव्याला राहतो. मी आणि माझे यजमान दोघंही नोकरी करतो. सकाळी साडेसातला घर सोडतो, परतायला संध्याकाळचे सात वाजतात. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, दिवसभर घरी एकट्या असतात. गेल्या चार महिन्यांत दोनदा त्यांच्या हातून गॅस चालूच राहिला, एकदा तर दूध आटून पातेलं काळंठिक्कर पडलं. म्हणून १.८ लिटरचा विजेवरचा राइस कुकर आणला. सकाळी मी तांदूळ धुऊन, पाणी घालून भांडं कुकरमध्ये ठेवून जाते. साडेअकराला त्यांनी फक्त बटण दाबायचं. पण भात वरून गिच्च आणि तळाला करपलेला होतो. कधी पाच मिनिटांतच बटण वर येतं आणि तांदूळ कच्चे राहतात. सोबत डाळीचा डबा ठेवून पाहिला, तर डाळ शिजलीच नाही. तांदूळ जांभळी नाक्यावरून कोलम आणते, दिवाळीनंतर माणगावहून माहेरचाही येतो. उरलेला भात सासूबाई प्लग काढून कुकरमध्येच ठेवतात, रात्री मी त्याला फोडणी देते. मागच्या आठवड्यात त्याला वास येत होता. सासूबाई म्हणतात, ‘यंत्राचा भात घशाखाली उतरत नाही.’ दोनदा त्या नुसती पोळी-भाजी खाऊन झोपल्या. मला फार वाईट वाटतं. कुकर परत करू का?
— एक सून, कळवा

उत्तर :

ताई, कुकर परत करू नका. भात सुधारायला एक रविवार पुरेल. पण पत्राच्या शेवटी तुम्ही जे ओझरतं लिहिलंय ते आधी घेते, कारण ते आजच थांबायला हवं.

प्लग काढलेल्या कुकरमध्ये दुपारी एकपासून रात्री आठपर्यंत झाकून ठेवलेला भात कोणीही खाऊ नये. तांदळात ‘बॅसिलस सेरियस’ नावाचे जिवाणू असतात. भात उकळला तरी ते बीजरूपाने तग धरून राहतात. मग भात कोमट झाला की वाढायला लागतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करून जात नाही, कडकडीत फोडणीनेही नाही. वास यायच्या आधीच ते भातात असू शकतं, म्हणून ‘वास नाही ना, मग चालेल’ हा हिशोब इथे चालत नाही. त्यात कुकरचं भांडं, वर झाकण आणि आपल्याकडची खाडीकाठची दमट हवा. असा भात तासन्‌तास कोमटच राहतो, आणि त्या जिवाणूंना नेमकं तेच हवं असतं. तुम्हाला-मला एक दिवस पोट बिघडलं तर निभावतं. ७४व्या वर्षी उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं, तर ते महागात पडतं.

तेव्हा जेवण झालं की उरलेला भात ताटात पसरायचा, वाफ गेली की झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजमध्ये. शिजल्यापासून तासाभरात हे उरकलं पाहिजे. तुमचा फोडणीचा भात मात्र मुळीच बंद करू नका. फ्रीजमधल्या गार भाताची शितं सुटी होतात, त्याचा फोडणीचा भात उलट छान मोकळा होतो. फक्त तो वाफा येईपर्यंत गरम करा आणि एकदाच गरम करा. घरात कोणी तासा-दोन तासांत जेवायला येणार असेल, तर प्लग न काढता कुकर ‘वॉर्म’वर राहू द्या. त्या दिव्यावर भात चांगला गरम राहतो, जिवाणू वाढत नाहीत. संध्याकाळपर्यंत मात्र तिथे ठेवू नका. भात पिवळट पडतो, कडा वाळतात. वीज वाचवायला प्लग काढून भात आतच ठेवणं, हा सगळ्यात वाईट पर्याय आहे.

आता गिच्च भाताकडे वळते.

हा कुकर भात शिजला की नाही ते ओळखत नाही. भांड्यात पाणी उरलंय की नाही, एवढंच त्याला कळतं. भांडं काढून आत बघा. तापणाऱ्या तबकडीच्या मधोमध एक छोटी गोल चकती दिसेल. बोटाने दाबली की ती खाली जाते, सोडली की वर येते, खाली स्प्रिंग असतं. (प्लग काढून, कुकर गार असतानाच हात लावा.) भांड्यात पाणी असेपर्यंत तळ १०० अंशांच्या पुढे जात नाही. पाणी तांदळाने पिऊन घेतलं, उरलेलं वाफ होऊन गेलं, की तळ त्याहून तापू लागतो. साधारण १०३ अंशांना त्या चकतीतल्या चुंबकाची ताकद जाते आणि बटण ‘खट्’ करून वर उडतं. एवढंच त्याचं डोकं. पाणी किती, तांदूळ कुठला, किती भिजलेला, हे सगळं आपण सांभाळायचं.

आणि तुमची चूक इथेच आहे. तुम्ही सातला तांदूळ पाण्यात घालता आणि बटण साडेअकराला दाबलं जातं. साडेचार तास! कोलमसारखा बारीक तांदूळ एवढा वेळ पाण्यात राहिला, की दाणे फुगून ठिसूळ होतात, बोटांत धरले तर चुरडतात. त्यातून सुटलेला पिठूळ गाळ तळाशी बसतो. उद्या सकाळी मूठभर तांदूळ एका काचेच्या पेल्यात भिजवून ठेवा आणि रात्री आल्यावर बघा. तळाशी पांढरा थर दिसेल. कुकर लागला की वरचा तांदूळ आधीच भरपूर भिजलेला असल्याने गिच्च होतो, आणि खालचा गाळ पिठल्यासारखा घट्ट होऊन तबकडीच्या बाजूने करपतो. गाळ करपला की त्या जागी तळ १०० अंशांच्या वर जातो. कुकरला वाटतं पाणी संपलं, आणि बटण वेळेआधी उडतं. वर गिच्च, खाली करपलेलं आणि मध्येच उडणारं बटण, या तुम्हाला तीन तक्रारी वाटतात, पण मूळ बहुतेक एकच आहे. शिवाय मे महिन्यात इतका वेळ बाहेर भिजलेला तांदूळ आंबूही लागतो. सासूबाईंच्या घशाखाली उतरत नाही म्हणतात, त्याला हेही कारण असेल.

तर सकाळी पाणी घालायचं नाही. तांदूळ मोजून कोरडाच डब्यात ठेवा. शेजारी तांब्यात मोजलेलं पाणी झाकून ठेवा. अकराच्या सुमाराला सासूबाईंनी तांदूळ धुवायचा, निथळायचा, तांब्यातलं पाणी घालायचं, अर्धा तास थांबायचं आणि बटण दाबायचं. धुणं साध्या पातेल्यात करायला सांगा, कुकरच्या भांड्यात नको. आतला लेप चोळून चोळून लवकर जातो आणि भांड्याचा बाहेरचा तळही ओला होतो.

तुम्ही म्हणाल, मी त्यांचं काम कमी करायला कुकर आणला आणि तुम्ही वाढवताय. हो, जाणूनबुजून वाढवतेय. पन्नासेक वर्षं ज्या बाईने घराला भात घातला, तिच्या वाट्याला आता एक बटण उरलंय. ‘यंत्राचा भात’ या शब्दांत मला चवीपेक्षा हेच जास्त ऐकू येतं. त्यांना जे उत्तम जमतं, तांदूळ चोळून धुणं, पाण्याचा अंदाज, शित दाबून बघणं, ते त्यांच्याकडेच राहू द्या. सुटायला हवी ती फक्त आच.

पाण्याच्या अंदाजाचं म्हणाल, तर त्या ‘तांदळाच्या वर बोटाचं एक पेर’ या मापाने पाणी घालत असतील, तर त्यांना हसू नका. त्यात शहाणपण आहे. पाणी दोन कामांना लागतं. एक तांदळाने प्यायला, ते तांदळाच्या प्रमाणात वाढतं. दुसरं वाफ होऊन जायला. ते भांडं तेच असेल तर जवळजवळ तेवढंच राहतं, मग तांदूळ एक पेला असो वा तीन. म्हणून ‘एकाला दोन’ हा नियम सरसकट लावला, की थोडा भात बरा होतो आणि जास्त लावलेला गिच्च होतो. पेराच्या मापात वाफेचं पाणी वरच्या थरात आपसूक येतं. अडचण एवढीच, की हाताला सवय जुन्या पातेल्याची आहे आणि कुकरचं भांडं जास्त रुंद आहे. तिथे एका पेरात जास्त पाणी मावतं.

म्हणून सुरुवातीला मोजून करा. कुकरसोबत जो प्लास्टिकचा पेला येतो तो बहुधा १८० मिलीचा असतो. हे जपानी माप आहे, आपली आमटीची वाटी वेगळी. तांदूळ पेल्याने आणि पाणी वाटीने, असं कधीही करू नका, दोन्ही एकाच मापाने. जुन्या कोलमला माझ्या घरी बसलेलं माप असं : एक पेला तांदळाला दोन पेले पाणी, दोनला साडेतीन, तिनाला पाच. याने भात मऊ पण सुटा होतो. सासूबाईंना दातांमुळे आसट भात लागत असेल, तर अर्धा पेला पाणी जास्त. १.८ लिटरच्या भांड्यात एक पेल्याहून कमी तांदूळ मात्र लावू नका. थर फार पातळ होतो, पाणी शिजण्याआधीच उडून जातं. त्यांच्या एकटीपुरता अर्धा पेला लावला जात असेल, तर कच्च्या दाण्यांचं हेही एक कारण. एक पेला लावा, उरेल तो तुमच्या रात्रीच्या फोडणीला.

आता माहेरचा तांदूळ. कापणी होऊन दोन-तीन महिनेच झालेला नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि चिकट होतो. वर्षभर मुरलेला जुना तांदूळ जास्त पितो, फुलतो आणि मोकळा होतो. हे सासूबाईंना माहीत असणारच, विचारून बघा. म्हणजे दिवाळीनंतर माणगावहून पोतं आलं, तुम्ही कोलमच्याच मापाने पाणी घातलं, आणि भात बिघडल्याचा ठपका कुकरवर आला. दोन्ही तांदूळ वेगळ्या डब्यांत ठेवा, मिसळू नका. प्रत्येक डब्याच्या झाकणाला चिकटपट्टी लावून त्यावर त्या तांदळाचं पाणी लिहा, जाड अक्षरात, सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसेल असं. कोलमचंही तसंच. वाड्याच्या कोलमला २०२१मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०१४मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला तोवर वाडा तालुका आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, म्हणून त्याचं मला जरा जास्त कौतुक. पण कोलम म्हणून विकलं जाणारं प्रत्येक पोतं वाड्याचं नसतं, आणि दर पोत्याला तांदूळ थोडा बदलतो. नवं पोतं उघडलं की पहिल्या दिवशी तुम्ही घरी असताना भात लावा आणि पाव पेल्याने वर-खाली करून चिकटपट्टीवरचा आकडा बदला.

बटण वर आलं म्हणजे भात झाला, असं मात्र नाही. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं झाकण उघडायचं नाही. तळाशी कोरडा आणि वर ओलसर असलेला भात त्या वाफेत एकसारखा होतो. कोळशाच्या शेगडीवर भात उतरवून, वर ताट झाकून तो मुरायला ठेवायचे, तेच हे. मग लाकडी उलथन्याने कडेने सोडवून हलक्या हाताने खाली-वर करायचा. स्टीलचा डाव भांड्यात घालू नका, आतला लेप खरवडतो.

बटण तरीही मध्येच उडत असेल तर आणखी दोन गोष्टी तपासा. भांड्याचा बाहेरचा तळ ओला नाही ना, आणि तबकडीवर एखादं शित वाळून चिकटलेलं नाही ना. एका वाळलेल्या शितानेही भांडं तिरपं बसतं आणि चकती तळाला नीट टेकत नाही. माझ्याकडे हे घडलं होतं. भात कच्चा, म्हणून मी बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिले आणि शेवटी तळ पुरता करपला. शित सापडलं ते भांडं धुताना. तेव्हापासून माझ्या ओट्यावर एक वेगळं सुती फडकं असतं. भांडं आत ठेवायच्या आधी तळ पुसायचा, ठेवलं की दोन्ही हातांनी जरा डावी-उजवीकडे फिरवायचं, म्हणजे ते तबकडीवर बसतं. सासूबाईंना हे करून दाखवा. आणि बटण लवकर वर आलं तर त्यांनी ते पुन्हा दाबू नये, तुम्हाला फोन करावा.

डाळीचा विषय थोडक्यात. शिट्टीच्या कुकरमध्ये दाबामुळे उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणून तिथे एका वेळी भात, डाळ आणि बटाटे असे तीन डबे शिजतात. विजेच्या या साध्या कुकरला दाब नाही, तो १००वरच थांबतो. भाताच्या पंचवीस-तीस मिनिटांत तूरडाळ त्यात शिजणार नाही. वरण सकाळी तुमच्या डब्याबरोबर शिट्टीच्या कुकरला लावा, घोटून, थोडं गार करून फ्रीजमध्ये ठेवा. कुकरसोबत भोकाभोकांची जाळी आली असेल, तर भात लागताना त्यावर वरणाची पसरट वाटी ठेवायची. भाताच्या वाफेवर वरण गरम होतं आणि गॅस पेटवावा लागत नाही. वाटी उचलायला सांडशी हाताशी ठेवा. झाकण आपल्या विरुद्ध बाजूने उघडायचं, ही सवय त्यांना पहिल्या दिवसापासून लावा. या वाफेने हात भाजतो. ज्या दिवशी वरण नसेल त्या दिवशी मुगाच्या डाळीची मऊ खिचडी. मूगडाळ अर्धा तास भिजवली की १०० अंशांतही छान शिजते. भाताला जेवढं पाणी घालता त्याच्या दीडपट तिला घाला आणि चमचाभर तूप सोडा, म्हणजे फेस उतू जात नाही.

विजेचं एकच सांगते. एवढा कुकर साधारण ७०० वॉटचा असतो, म्हणजे तीन अँपियर. अर्ध्या तासाला एक तृतीयांश युनिट. छोट्या प्लगला तो सहज झेपतो. पण मिक्सर, फ्रीज आणि कुकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर नकोत, कुकरला भिंतीतला स्वतःचा प्लग द्या. तीन पिनांपैकी जाड पिन अर्थिंगची असते. जुन्या इमारतींत ते अर्थिंग कधी कधी नीट नसतं, म्हणून वायरमनला बोलावून एकदा तपासून घ्या. ओले हात, ओला ओटा आणि धातूचा कुकर, यात ढिलाई करू नका. वीज मध्येच गेली तर खटक्याचं बटण खालीच राहतं, वीज आली की भात पुढे शिजतो. तोवर झाकण उघडायचं नाही. तासाभराने आली तर तो भात टाकून द्यावा.

आता सासूबाईंच्या विसरण्याबद्दल. चार महिन्यांत दोनदा गॅस राहणं ही घाबरून जाण्याची गोष्ट नाही, पण सोडून देण्याचीही नाही. पुढच्या वेळी रक्तदाब बघायला जाल तेव्हा तुमच्या डॉक्टरांना सांगा. कधी औषधांमुळे, कधी अपुऱ्या झोपेमुळे, कधी जीवनसत्त्वांच्या कमतरतेमुळेही असं होतं, आणि त्यावर उपाय असतो. सकाळी निघताना गॅसचा मुख्य कॉक किंवा सिलिंडर असेल तर रेग्युलेटर बंद करा, पण त्यांच्या नकळत नको. सरळ सांगा, ‘आई, आम्ही दोघं बाहेर असतो, माझा जीव लागून राहतो, म्हणून बंद करून जाते.’ चहाची सोय आधी करा, नाहीतर या सगळ्याचा राग पुन्हा कुकरवर निघेल. थर्मासमध्ये चहा भरून ठेवा, नाहीतर आपोआप बंद होणारी विजेची किटली आणा.

त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. हा आपोआप बंद होणारा कुकर तोशिबाने १९५५मध्ये बाजारात आणला. तो बनवून देणारे योशितादा मिनामी हे टोकियोतले छोटे कारखानदार होते. भात नेमका कधी होतो ते शोधण्यासाठी घरी पुन्हा पुन्हा भात लावून, पाणी आणि उष्णता मोजत राहिल्या त्या त्यांच्या पत्नी, फुमिको. त्या पहिल्या कुकरला दोन भांडी होती. बाहेरच्या भांड्यात पेलाभर पाणी घालायचं, ते वीसेक मिनिटांत आटलं की आच बंद व्हायची. म्हणजे या यंत्राला भात शिकवला तोही एका घरातल्या बाईनेच.

या रविवारी दोघी मिळून भात लावा. जुना कोलम, एक पेला, दोन पेले पाणी, अर्धा तास भिजवून. माप तुम्ही घ्या, धुणं आणि शित दाबून बघणं त्यांचं. बटण वर आल्यावर घड्याळात पंधरा मिनिटं मोजा. मग वाटीला तूप लावून मूद पाडा, वर साधं वरण, लिंबाची फोड, आणि पहिलं ताट त्यांना वाढा. भात फार मऊ वाटला तर पुढच्या वेळी पाव पेला पाणी कमी, टणक वाटला तर पाव पेला जास्त. त्या ‘आता बरोबर’ म्हणतील तो आकडा चिकटपट्टीवर त्यांच्याच हाताने लिहून घ्या. माणगावचा तांदूळ आला की पेल्याला पावणेदोन पेले पाण्यापासून सुरुवात करा.